३१,००० किलोमीटर चाललेली १२ वर्षांची वॅगनआर – ठेवू की विकू?

मालवमाती

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, वैशाली नगरात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली लेक. गेल्या दिवाळीत पुण्याच्या आत्याकडून तिची २०१३ ची वॅगनआर घेतली. पेट्रोल, ९९८ सीसी, एकहाती वापरलेली. आत्याचे गुडघे दुखायला लागले तशी तिने गाडी चालवणं सोडलं आणि शेवटची चार वर्षं गाडी सोसायटीच्या खाली कव्हर घालून उभीच होती. काट्यावर फक्त ३१,०००. घरातलीच गाडी, अपघात नाही, सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये. एक लाख साठ हजार आत्याच्या खात्यात टाकले आणि नाशिक, धुळे, सेंधवामार्गे गाडी घरी आणली. रस्ताभर काही त्रास नाही. निघायच्या आधी पुण्यात एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं होतं. तिथे सांगितलं की गाडी नवीच आहे, काही करायला नको.

मे महिन्यात ओंकारेश्वरला गेलो. जाताना सगळं ठीक. परतताना दुपारी अडीचला बलवाड्याच्या पुढे भेरूघाट चढायला लागलो. पुढे ट्रकची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, बाहेर ४२ अंश. वळणावर लाल दिवा लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. कशीबशी कडेला घेतली. सासूबाईंना उतरवून दगडावर सावलीत बसवलं. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने पहिली गोष्ट ओरडून सांगितली, "ढक्कन मत खोलना मैडम!" तो थांबला म्हणून माझा हात वाचला.

पाऊण तासाने बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या नळीला, ती आवळणाऱ्या पट्टीच्या अगदी लगत, बोटभर लांब चीर पडली होती. सिमरोलहून मेकॅनिक आला. त्याने नळी काढून माझ्या हातात दिली. बाहेरून काळी कुळकुळीत दिसत होती, पण दाबली तर दबेना, आणि वाकवली तर उन्हात वाळलेल्या पापडासारखा आवाज. तोंडाशी हिरवट-पांढरा खार जमला होता. तो म्हणाला, "नली पक गई है मैडम, बारह साल की है." मी त्याला काटा दाखवला. त्याने काट्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर टायर, बॅटरी, नळ्या असं करत ऑगस्टपर्यंत ४३,००० खर्च झाले. नवरा म्हणतो विकून टाकू आणि हप्त्यावर नवी घेऊ. मला ही गाडी आवडते. बसायला उंच आहे, सासूबाईंना कंबर न वाकवता आत बसता येतं. पण दर महिन्याला नवं काही निघत राहणार असेल तर मन घट्ट करावं लागेल. जाणकारांनी कृपया सांगावं.

लष्करकर

ताई, विकू नका. आत्ता विकलीत तर तुमचे ४३ हजार पुढच्या मालकाच्या खिशात जातील. मी ग्वाल्हेरचा, स्वतः जुनी गाडी शोधतोय, त्यामुळे बाजारात काय दाखवतात ते रोज बघतो. तुम्हाला एका घरात वापरलेली, कागदपत्रांसकट मिळालीय.

जुनी_चावी

मालवमाती ताई, मी बावीस वर्षं इंदुरात सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलोय. तुमचा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीची दोन वयं असतात. एक किलोमीटरचं, दुसरं वर्षांचं. पिस्टन, क्लचप्लेट, ब्रेक शू हे चालण्याने झिजतात. रबर, ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, बॅटरी हे गाडी उभी असली तरी म्हातारे होतात, आणि उभ्या गाडीत कधी कधी जास्तच. तुमच्या गाडीचं पहिलं वय ३१,००० आहे आणि दुसरं बारा वर्षं. खर्च दुसऱ्या वयाचा आलाय. लोक गाडी घेताना फक्त काटा बघतात आणि इथेच फसतात. मला विचाराल तर उभ्या ३१,००० पेक्षा रोज ऑफिसला जाणारी, वेळेवर सर्व्हिस झालेली ८०,००० ची गाडी मी आधी घेईन.

आता तुमच्या गाडीत एकेक बघू.

नळ्या. फक्त फुटलेली बदलली असेल तर खालचीही बदला आणि हीटरच्या दोन नळ्याही. चौघी एकाच दिवशी कारखान्यातून निघाल्यात. त्याच वेळी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) आणि रेडिएटरचं झाकणही बदला. झाकणाची स्प्रिंग आणि रबर कमजोर झालं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी कधीही नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी तर नकोच, क्षार बसून रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण.

ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल ओढून घेतं. ओल गेली की त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की पेडल मऊ पडतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं बारा वर्षांत बदललंय का ते विचारा. मागच्या चाकांना ड्रम आहेत, ते उघडून व्हील सिलिंडर गळतोय का बघायला सांगा. उभ्या गाडीत तिथलं रबर हमखास जातं.

खालचं रबर. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे जोडातलं रबर, ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) बूट म्हणजे जोडावरचं रबरी आवरण, इंजिनाचे माउंटिंग म्हणजे त्याखालच्या रबरी गाद्या. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. बूट स्वस्त आहे, जॉइंट महाग आहे. गाडी उभी असताना एसी लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर माउंटिंग बघा.

एक काळजी कमी करतो. तुमच्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग चेन (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) आहे, पट्टा नाही. जुन्या सँट्रोला किंवा अगदी पहिल्या १०६१ सीसी वॅगनआरला पट्टा होता आणि तो ठरावीक काळाने बदलावाच लागायचा. तुम्हाला तो खर्च नाही. फक्त इंजिन ऑइल वेळेवर बदला, चेन त्याच ऑइलवर जगते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं वर्षच आधी होणार.

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवलीत?

मालवमाती

काका, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. दिवा लागल्यावर वळण संपेपर्यंत, फार तर दोनशे मीटर. मग लगेच बंद केली.

जुनी_चावी

मग वाचलात. अ‍ॅल्युमिनियमचा हेड तापून वाकला की गॅस्केट जातं आणि मग खर्चाचा आकडाच बदलतो. तरी महिनाभर रोज सकाळी गाडी थंड असताना कूलंटच्या बाटलीवर नजर ठेवा. मार्करने पातळीची रेघ ओढा. पातळी घटतेय पण खाली गळतीचा डाग नाही, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय धरतेय, असं दिसलं तर लगेच दाखवा. झाकणाची साय थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही येते, त्यामुळे एकट्या सायीने घाबरू नका. सोबत पातळीही घटत असेल तरच.

पुन्हा घाटात असं झालंच तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता ओढतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून थांबायचं.

सुदामानगर

टायरचं काय झालं ते लिहा ना. माझ्याकडेही २०१४ ची आय-टेन आहे, टायरवर नक्षी अजून भरपूर आहे म्हणून बदलले नाहीत.

मालवमाती

सुदामानगर, आज घरी गेल्यावर टायरच्या कडेला बघा. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरवर १८१३ होतं. २०१३ चा अठरावा आठवडा. म्हणजे गाडी ज्या टायरवर शोरूममधून निघाली त्याच टायरवर आम्ही पुण्याहून चौघं आलो, सामान भरून, रात्रीचे. नक्षी खरंच भरपूर होती. पण टायरवाल्याने जॅक लावून चाक फिरवलं आणि कडेच्या रबरावर नख फिरवायला सांगितलं. केसासारख्या बारीक भेगा, चाकाभर. लेक माझ्या शेजारी उभी होती आणि मी त्या रात्रीच्या रस्त्याचा विचार करत होते. त्याच दिवशी चारही बदलले. १६,४०० लागले आणि मला त्यातला एक रुपयाही जड वाटला नाही. स्टेपनी वापरलेलीच नाही म्हणून नवी वाटते, पण तीही त्याच वर्षाची. ती बदलायची राहिलीय.

सुदामानगर

बघितलं. ४११४. उद्या जातो.

दांडियाबाजार

बडोद्याहून. या धाग्यावर जुनी गाडी शोधणारे आहेत म्हणून एक कळकळीचं सांगणं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे सोसायट्याच्या सोसायट्यांमधल्या गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात होत्या. धुऊन, पॉलिश करून त्यातल्या काही नक्कीच कुठे ना कुठे विकायला आल्या असणार. माझ्या मेव्हण्याला अशीच एक दुसऱ्या शहरात दाखवली होती. तपासायला एक सोपी जागा आहे. सीटबेल्ट ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, जिथे तो एरवी कधीच बाहेर येत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. मेव्हण्याने ओढला तर पट्ट्याचा शेवटचा हातभर मातकट होता आणि त्याला ओल्या पोत्याचा वास येत होता. मग त्याने सीटच्या रुळाखालचे बोल्ट बघितले, गंजलेले. त्याने तिथेच नमस्कार केला आणि परत फिरला. पुराचं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलं की त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो, आणि तो संपत नाही.

आमच्याकडे बऱ्याच वॅगनआर सीएनजीच्या असतात. तशी घेत असाल तर सिलिंडरच्या पट्टीवर चाचणीची तारीख बघा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना ते पाहा. किट बाहेरून बसवलेलं आणि नोंद नसेल तर विम्याच्या वेळी हात वर होतात.

लष्करकर

दांडियाबाजार, सीटबेल्टचं कधी सुचलंच नसतं. धन्यवाद.

मालवमाती ताई, तुमची गाडी एमएच-१२ होती, ती एमपी-०९ केलीत का? माझा प्रश्न यासाठी की ग्वाल्हेरला दिल्लीच्या गाड्या खूप येतात. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले, तेव्हापासून भाव पडून गाड्या इकडे उतरतात. मला एक स्वस्तात मिळतेय. विक्रेता म्हणतो, नंबर दिल्लीचाच राहू द्या, काही होत नाही.

मालवमाती

लष्करकर दादा, असं मुळीच करू नका. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. आणि नावावर नसलेली गाडी म्हणजे उद्या काही झालं तर नोटीस जुन्या मालकाला आणि धावपळ तुम्हाला.

आमचं कसं झालं ते सांगते. पुण्याच्या आरटीओची एनओसी हवी, फॉर्म २८. अर्ज भरला तर तो अडकला. का, तर आरसीवर बँकेचं नाव अजून होतं. आत्याने कर्ज २०१८ मध्ये फेडलं होतं, पण बोजा उतरवायचाच राहिला होता. तिला वाटलं हप्ते संपले की सगळं संपलं. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवायचा असतो. त्या शाखेत आत्याला चार खेपा मारायला लावल्या. सत्तरीची बाई, काठी घेऊन. दर वेळी वेगळं कारण. शेवटी माझा आत्तेभाऊ रजा काढून सोबत गेला तेव्हा एका दिवसात पत्र मिळालं. याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी आजच आरसी काढून बघा, त्यावर बँकेचं नाव आहे का.

एनओसी आली की मग इथे नायता मुंडल्याच्या आरटीओत फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबरचा अर्ज. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागली. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. आमचा नंबर धुळीने इतका भरला होता की दोनदा छाप उमटलाच नाही, शेवटी मी पर्समधल्या रुमालाने पुसला. मध्य प्रदेशचा रस्ता कर पुन्हा भरावा लागला, गाडीच्या वयानुसार. महाराष्ट्रात आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी नव्या नोंदणीचा पुरावा द्यावा लागतो. तो अर्ज आत्याच्या नावाने केलाय.

विमाही विसरू नका. नाव बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी जुन्या नावावर असेल तर अडतो. आणि आत्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आत्याचाच, तो गाडीबरोबर आम्हाला मिळाला नाही. आमचा शून्यापासून.

लष्करकर

विक्रेत्याला कळवलं की एनओसीशिवाय बोलणं नाही. त्याचा फोन पुन्हा आला नाही.

निमाडकर

माझा प्रश्न वेगळा आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. २०१३ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. काय करावं?

जुनी_चावी

निमाडकर, पंपावर पर्याय फार नाही, म्हणून जे आपल्या हातात आहे ते बघू. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग २० टक्क्यांना चालतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांत काळजी रबराची आणि सीलची. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. पेट्रोलच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला हाताने दाबून, वाकवून बघायच्या. फुगल्या, चिकट झाल्या किंवा तडकल्या असतील तर लगेच बदलायच्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करायची नाही. नळी म्हणून पाण्याची नळी कापून बसवू देऊ नका, पेट्रोलचीच घ्या.

अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी ऊर्जा असते. आणि इथेनॉल ओल धरतं, म्हणून अर्धी टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

मालवमाती ताई, तुम्ही रोज किती चालवता?

मालवमाती

शाळेपर्यंत आणि परत, प्रत्येकी अडीच किलोमीटर. बास.

जुनी_चावी

मग आठवड्यातून एकदा गाडीला बायपासला न्या. वीस-पंचवीस किलोमीटर, न थांबता. अडीच किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं गरमच होत नाही, ऑइलमधली ओल उडत नाही आणि बॅटरीही पुरती भरत नाही. तुमची बॅटरी वर्षभरात पुन्हा गेली तर तिचा दोष नसेल.

सुदामानगर

आणि पावसाळ्यात उंदीर! आमच्या आय-टेनची काच धुण्याची नळी आणि दोन वायरी कुरतडल्या. गाडी चार दिवस हलली नव्हती तेवढ्यात. आता रोज रात्री बॉनेट उघडून बघतो, गाडीत खाण्याचा कणही ठेवत नाही आणि खालून बारीक जाळी बसवलीय. तेव्हापासून त्रास नाही.

मालवमाती

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. काकांनी सांगितलेलं सगळं कागदावर उतरवून घराजवळच्या मेकॅनिककडे गेले. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तिथेच स्टुलावर बसले. खालची नळी, हीटरच्या दोन्ही नळ्या, थर्मोस्टॅट, झाकण, नवा कूलंट. मागचा डावा ड्रम उघडला तर व्हील सिलिंडरचं रबर ओलं होतं, गळती नुकती सुरू झाली होती. दोन्ही बदलले. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं तेव्हा ते कोऱ्या चहासारखं दिसत होतं, आणि नवं जवळजवळ पाण्यासारखं. उजव्या ड्राइव्ह शाफ्टचा बूट तडकलेला, तोही बदलला. स्टेपनी बदलली. एकूण ११,२००. शाळेच्या जुन्या वहीत तारीख, काटा, काय बदललं आणि किती लागले असं लिहायला सुरुवात केलीय. नवरा आता विकायचं म्हणत नाही. परवा त्यानेच स्वतःहून हवा तपासून आणली आणि वहीत नोंद केली.

दर रविवारी सकाळी बायपासला जातो. सासूबाई मागे बसतात, येताना छप्पन दुकानला पोहे होतात. काल हिंमत करून पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. परतताना भेरूघाटात तशीच रांग होती. एसी बंद ठेवला, काचा खाली, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू. त्याच वळणावर सासूबाईंनी तो दगड दाखवला. लाल दिवा लागला नाही. आज सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडलं. कूलंट मार्करच्या रेघेवर होता, तंतोतंत.

एक शंका राहिलीय. गतिरोधकावरून जाताना पुढून डावीकडे 'टक' असा एकच आवाज येतो, दोन माणसं बसलेली असली की जास्त. वळताना येत नाही.

जुनी_चावी

लिंक रॉड असावी, नाहीतर लोअर आर्मचा बुश. मेकॅनिकला पुढचं चाक उचलून पहारीने आर्म हलवून बघायला सांगा, लगेच कळेल. बुश निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.

मालवमाती

शनिवारी नेते. वहीत लिहून ठेवलं.